चाळीस ब्लँकेटे आणि दोनशे झोपड्या

धानाचा रोवणा आटोपला की आमच्या आरमोरीकडे चार दिवस जरा टेकायला मिळतात. अशाच एका संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो, तर पुण्याला शिकणाऱ्या पुतणीचा फोन आला.

"काकाजी, मी सहा आठवड्यांसाठी परदेशी चालले. आफ्रिकेत केनिया देश आहे ना, त्याच्या राजधानीत, नैरोबीत, किबेरा नावाची मोठी झोपडपट्टी आहे. तिथे सेवेला जायचे. आमचा पंधरा जणांचा गट आहे. इथून कपडे, वह्या, खाऊ नेणार आणि तिथल्या मुलांना वाटणार."

आमच्या घरात आजवर कोणी समुद्र ओलांडलेला नाही. मला आनंद झाला. आमची मंडळी मात्र आतून म्हणाली, "का बाई, आपल्या इकडचे गरीब सरले का?" तिचे बोलणे मी हसण्यावारी नेले. भुकेला देश नसतो आणि मायेलाही नसावा. पण मी पुतणीला एकच विचारले, "वाटणार म्हणजे कसे वाटणार?"

"म्हणजे काय काकाजी? रांग लावायची आणि वाटायचे!"

रांग लावायची आणि वाटायचे. हे शब्द ऐकले आणि माझी रात्रीची झोप गेली. कारण असेच एकदा मीही वाटले होते. फोनवर ते सांगणे जमले नाही, म्हणून इथे लिहितो आहे. ती वाचेलच. पण तुम्हीही वाचा. कारण गावात कुणाचे घर जळाले, नदीला पूर आला, की पायली-दोन पायली धान घेऊन आपण सारेच धावतो. द्यायची वेळ प्रत्येकावर येते. आणि घ्यायची वेळ येणार नाही, असेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी नागपूरला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी पौषात थंडी कडाक्याची पडली होती. आम्ही दहाबारा पोरांनी वर्गणी गोळा केली, ओळखीच्या दुकानदाराकडून चाळीस ब्लँकेटे स्वस्तात घेतली आणि रविवारी सकाळी टेम्पो करून नाल्याकाठच्या एका झोपडपट्टीत गेलो. वस्तीत झोपड्या दोनशेच्या वर. हा हिशेब तिथे पोचेपर्यंत आमच्यापैकी कुणी केलाच नव्हता. मी तर शेतकऱ्याचा मुलगा. बोडीत पाणी किती आणि खाली बांध्या किती, हे पाहिल्याशिवाय माझ्या वडिलांनी कधी पाट फोडला नाही. पण ते शहाणपण मी गावीच ठेवून आलो होतो.

आम्ही रांग लावली. आधी बाया आणि म्हातारी माणसे, असे ओरडून सांगितले. पाच मिनिटांत शेजारच्या वस्तीतही बातमी पोचली आणि माणसे धावत आली. रांग मोडली. दंडात जोर असलेले पुढे, बाकीचे मागे. त्या रेटारेटीत एका बाईच्या कडेवरचे मूल खाली पडले. ती बाई किंचाळली. आम्ही घाबरलो. उरलेली ब्लँकेटे टेम्पोवरून गर्दीत फेकली आणि निघालो. फेकली, वाचकहो! गुरांपुढे तणस टाकावी तशी. आणि संध्याकाळी खोलीवर बसून, आज आपण समाजकार्य केले म्हणून चहा प्यालो.

तिसऱ्या दिवशी त्यातलेच एक ब्लँकेट बाजारात विकायला आलेले दिसले. आम्हाला राग आला. या लोकांना द्यायच्या लायकीचेच नाही, असे म्हणत आम्ही दोघे पुन्हा त्या वस्तीत गेलो. एका म्हातारीने आमची बडबड शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "बाबू, थंडी त रोजचीच हाय. किराण्याची उधारी मात्र काल दारात येऊन उभी होती. विकलं म्याच. तुमी आधी येऊन इचारलं असतं, त सांगतलं असतं."

आम्ही गप्प झालो. निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "थे पोरगं पडलं होतं ना, त्याच्या मायले भेटून जा. तिकडं टोकाले रायते."

आम्ही भेटलो नाही. पाय झाले नाहीत. आज इतकी वर्षे झाली, पण त्या टोकाच्या झोपडीपर्यंत मी गेलो नाही ही गोष्ट अजून सलते.

परक्या मुलखात जाऊन सेवा करायची ही कल्पना काही आजची नाही. स्वित्झर्लंड देशात पिएर सेरेसोल नावाचे एक इंजिनिअर होते. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात ते काही सोबती घेऊन गेले. काल-परवापर्यंत ज्या देशांची माणसे एकमेकांवर गोळ्या झाडत होती, त्याच देशांची माणसे तिथे खांद्याला खांदा लावून काम करू लागली. त्यातूनच त्यांची आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात फार मोठा भूकंप झाला. तेव्हा हे सेरेसोल मोजके सोबती घेऊन बिहारात आले आणि मुजफ्फरपूरच्या बाजूला गावे पुन्हा उभारण्याच्या कामाला लागले. साहेबाच्या राज्यातला तो काळ. गोऱ्या माणसाने उन्हात उभे राहून फावडे चालवावे, हेच तिथल्या लोकांना नवल वाटले असेल.

याच संस्थेची तरुण मुले १९५० नंतरच्या दशकात आपल्या वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात आली होती. बाबांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि खडकाळ, झुडपी जमिनीवर कुष्ठरोग्यांना घेऊन शेती सुरू केली. भाजी चांगली पिकू लागली, पण ती घेणार कोण? रोग्यांच्या हातची भाजी म्हणून बाजारातली माणसे तिला शिवत नसत. अशा वेळी ही परदेशी मुले आली, आनंदवनात राहिली, रोग्यांबरोबर दगड-विटा वाहून त्यांनी बांधकाम केले आणि तिथेच पिकलेले खाल्ले. वरोऱ्याच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले. हळूहळू त्यांची भीती मोडली आणि आनंदवनाच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले.

आता विचार करा. त्या मुलांनी येताना काय आणले होते? आपले दोन हात आणले होते. तिथल्यांच्या पंगतीत बसण्याची तयारी आणली होती. ते फुकट काही वाटत बसले नाहीत, म्हणूनच त्यांच्या येण्याने आनंदवनातल्या माणसाला कष्टाचा पैसा मिळायची वाट मोकळी झाली.

आपल्या जिल्ह्यातलेही एक उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दोघे अमेरिकेत शिकून आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. अमेरिकेत पाहिले तसे चकचकीत हॉस्पिटल त्यांनी बांधले असते तर कोणी अडवले नसते. पण त्यांनी आधी आदिवासी माणसांना विचारले, की बाबांनो, तुम्हाला दवाखाना कसा पाहिजे? लोकांनी सांगितले, की मोठ्या इमारतीचे आम्हाला भय वाटते. आमच्या गावासारख्या झोपड्या असाव्यात. सोबतच्या माणसांना रोग्याजवळ राहता यावे. आणि आमची देवी तिथे असावी. तसाच दवाखाना शोधग्रामात उभा राहिला आणि त्याला नावही माँ दंतेश्वरीचे दिले. मोठे शिक्षण घेतलेली माणसे आधी विचारतात, मग आम्हा कॉलेजच्या पोरांनी का विचारू नये?

हे सारे मी पुस्तकात वाचले असते तर कदाचित विसरूनही गेलो असतो. पण २०२० साली ते माझ्या अंगावरून गेले.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला. वरच्या धरणांचे पाणी खाली आले आणि भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाची ३३ ची ३३ दारे उघडावी लागली. वैनगंगा पात्र सोडून चालू लागली. पलीकडे ब्रह्मपुरी तालुक्यात लाडज, पिंपळगाव यांसारख्या गावांना पाण्याने वेढले. अलीकडे देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली तालुक्यांतही नदीकाठच्या गावांत आणि शेतांत पाणी शिरले. आमचे गाव नदीकाठचेच. रात्री कुत्री भुंकू लागली तेव्हा अंगणात पाणी होते. सकाळी कंबरेएवढे झाले. आम्ही म्हातारीकोतारी, लेकरे आणि गुरे घेऊन उंचावरच्या शाळेत गेलो. पाणी उतरले तेव्हा पोटरीला आलेला धान गाळाखाली झोपला होता. घराची एक भिंत बसली होती. कोठीतला धान भिजून फुगला होता आणि त्याला मोड येऊ लागले होते.

आणि मग मदतीच्या गाड्या आल्या.

मी रांगेत उभा राहिलो. पाच एकरांचा धनी, गावात चार माणसे ज्याला "बसा जी" म्हणतात असा मी, हातात रिकामी पिशवी घेऊन रांगेत. कोरोनाचे वर्ष होते, सगळ्यांच्या तोंडाला मास्क होता. खरे सांगतो, त्या दिवशी तोंड झाकलेले आहे याचे मला बरे वाटले. मंडळी रांगेत आलीच नाही. "घरी चिखल काढत बसते," म्हणाली. मला ते समजले. पुढे एक तरुण मुलगा पाकिट देण्याआधी सांगत होता, "काका, जरा इकडे बघा," आणि दुसरा फोटो काढत होता. मुलगा मनाने चांगला होता. घाम गाळत होता. पण त्याचा तो हात पाहून मला नागपूरचा टेम्पो आठवला. त्या टेम्पोवर उभा होतो तो मीच.

त्या गाड्यांत काय आले आणि आम्हाला काय पाहिजे होते, तेही सांगतो. आली ती बिस्किटे आणि जुने कपडे. कपड्यांत फाटकी लुगडी होती, शहरातल्या पोरांच्या पँटी होत्या. शाळेच्या पडवीत त्यांचा ढीग झाला, भिजला आणि कुबट वास मारू लागला. असे सगळीकडेच होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. आम्हाला हवी होती ती कोरडी आगपेटी, मीठ, प्यायचे पाणी, छपरावर टाकायला ताडपत्री. गुरांना तणस हवी होती, कारण सारी पुंजणी वाहून गेली होती. ढिवरांच्या घरांना जाळ्याचे सूत हवे होते. डोंगा आणि जाळे गेले की त्यांच्या घरची चूल महिनाभर थंड. पण पूरग्रस्ताला जाळ्याचे सूत लागते, हे शहरात बसून कुणाच्या स्वप्नात येणार?

दुसरी अडचण अशी, की गाड्या पक्क्या रस्त्यापर्यंतच येत. रस्त्यावरच्या टोल्याला तीनदा मिळाले. नाल्यापलीकडच्या टोल्याला एकदाही नाही. त्यावरून गावात भांडणे झाली. पुराने जी माणसे एका शाळेत एकत्र झोपली, ती मदतीने एकमेकांशी बोलेनाशी झाली.

शेवटी बचत गटाच्या बायांनी काम हाती घेतले. शाळेच्या फळ्यावर खडूने घराघराची यादी लिहिली. कोणत्या घरात किती माणसे, काय गेले, काय पाहिजे. यादी उघड्यावर लिहिली, त्यामुळे खोटे लिहायची सोय उरली नाही. "हिच्या घरी दोन गाई नाही जी, एकच हाय," असे लगेच मागून कुणीतरी म्हणे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावात सगळे निर्णय सर्वांच्या समोर, सर्वांच्या संमतीने होतात हे आम्ही ऐकून होतो. त्याचा उपयोग आम्हाला त्या दिवशी कळला. विधवा, एकटी म्हातारी माणसे आणि अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या आया यांची नावे वर ठेवली. वस्तू रांग लावून द्यायच्या नाहीत, बायांनी घरी नेऊन द्यायच्या, असे ठरले. एवढ्या एका गोष्टीने निम्मी भांडणे मिटली.

त्याच आठवड्यात तीन-चार पोरे मोटारसायकलवर आली. रिकाम्या हातांनी आली. फक्त एक वही होती. त्यांनी फळ्यावरची यादी उतरून घेतली, नाल्यापलीकडे चालत गेले आणि गेले तसे परत गेले. लोक म्हणाले, आणखी एक लिहून नेणारे! पण चौथ्या दिवशी ती पोरे ताडपत्र्या आणि जाळ्याच्या सुताची बंडले घेऊन आली आणि दोन दिवस राहून आमच्याबरोबर विहिरीतला गाळ उपसू लागली. आमच्या भिंतीला टेकून सूत उलगडणारी एक म्हातारी म्हणाली, "यायनं आधी इचारलन, मंग आनलन." माझ्या लेखी यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नाही.

आणखी एक गोष्ट. हातपाय धड असलेल्या माणसाला फुकट घेण्यापेक्षा कामाचा दाम घेणे केव्हाही गोड लागते. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसांनी खडी फोडली, तलाव-बांध खोदले आणि मजुरी घरी नेली. त्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. खडी फोडणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या दिवसांचे हाल ते सांगतील, पण मान खाली घालावी लागली असे सांगणार नाहीत.

तर वाचकहो, पुतणीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि हे सारे सांगितले. कपड्यांची गाठोडी नेऊ नको म्हणालो. नैरोबीत गिकोम्बा नावाचा मोठा बाजारच जुन्या कपड्यांचा आहे. परदेशातून गठ्ठेच्या गठ्ठे तिथे येतात. तू आणखी घेऊन काय जाशील? वह्या द्यायच्याच असतील तर तिथल्याच दुकानातून घे, म्हणजे त्या दुकानदाराचीही चूल पेटेल. किबेरात बहुतेक माणसे भाड्याच्या खोलीत राहतात, पाणीसुद्धा डब्याने विकत आणतात. त्यांची अडचण त्यांना विचार. यादी तिथल्या बायांना करू दे. मोजके असेल तर उघड्यावर नेऊन वाटू नको. लेकरांचे फोटो त्यांच्या आयांना विचारल्याशिवाय काढू नको. आणि पहिला आठवडा काहीच न देता नुसती राहून बघ. पाण्याच्या रांगेत डबा घेऊन उभी राहा. रांग लावणाऱ्याने एकदा तरी रांगेत उभे राहिलेच पाहिजे.

पोरीने ऐकून घेतले. थोडी हिरमुसली, हेही खरे. पण पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. त्यांनी तिथल्या एका शाळेच्या बाईंना पत्र पाठवून विचारले होते, तुम्हाला काय पाहिजे? त्या बाईंचे उत्तर आले, की कपडे नकोत, खाऊही नको. आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नाही. मोठ्या मुली त्या दिवसांत शाळेत येत नाहीत. दार बसवून देता का? आमच्या इथे सुतार आहे.

"काकाजी," ती म्हणाली, "आम्ही दीडशे किलो कपडे जमवले होते. दाराचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही."

मी म्हणालो, "येणार नाहीच बेटा. दार त्यांच्या शाळेचे आहे. ते त्यांनाच दिसणार."

मग जरा थांबून मी तिला नागपूरच्या त्या पडलेल्या लेकराचीही गोष्ट सांगितली. आजवर ती घरात कुणाला सांगितली नव्हती. ते मूल आता संसाराला लागलेले असेल. त्याच्या आईला भेटायचे माझे राहून गेले, ते राहूनच गेले. म्हणून पुतणीला शेवटी एवढेच सांगितले, की तिकडे काही चुकले, आणि चुकेलच, तर टेम्पोत बसून निघून येऊ नको. ज्याला लागले असेल त्याच्या दारापर्यंत चालत जा. झोपडी टोकाला असली तरी जा.